बरोबर वजाबाकीचा अर्धा गुण का कापायचा?

रामबागकर: नात तिसरीत आहे, इथेच इंदूरच्या एका शाळेत. ४०० मधून १३७ वजा करायचे होते. तिने घरी शिकवलेल्या रीतीने केले: दहातून सात गेले तीन, हातचा एक, तीन नि एक चार, दहातून चार गेले सहा, हातचा एक, एक नि एक दोन, चारातून दोन गेले दोन. २६३. तरी अर्धा गुण गेला. शेरा, 'वर्गातली पद्धत वापरा'. ती पद्धत म्हणजे चाराचे तीन, शून्याचे दहा, दहाचे परत नऊ, शेवटच्या शून्याचे दहा. खोडून खोडून पान काळं! गणित शिकवण्यात सुधारणा म्हणतात ती हीच का?

सुदामानगरची बाई: काका, गुण कापायला नको होता. पण हातचा खाली का मिळवायचा, हे नातीला विचारून बघा. माझ्या वर्गात शंभराच्या चार खोट्या नोटा ठेवते, एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. मूल डोळ्यांनी बघतं. १९४९ मध्ये अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर यांनी तिसरीच्या मुलांवर या दोन रीती ताडून पाहिल्या होत्या. कारण समजावून शिकवलेली मोडून घेण्याची रीत मुलांना नव्या गणितांतही जास्त उपयोगी पडली.

रामबागकर: कारण आमच्या रीतीलाही आहे की. वर दहा वाढवले, खालीही दहा वाढवले, फरक तोच. ताई तेरा वर्षांची, ही आठ. दहा वर्षांनीही अंतर पाचच. नातीला हे एका मिनिटात पटलं.

मल्हारगंज किराणा: अहो, मांडता कशाला? गिऱ्हाईक पाचशेची नोट देतं, बिल ३८७. तीन दिले ३९०, दहा दिले ४००, शंभर दिले ५००. एकशे तेरा परत. हे शाळेत का नाही शिकवत?

दोन मुलांचा बाप: कारण वर्गात चाळीस मुलं असतात! 'असर' या शिक्षण-पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं ते जेमतेम ४३ टक्क्यांना. तिथे तीन-तीन रीती शिकवल्या तर पोरं ना घरकी ना घाटकी. चौथीपर्यंत एकच रीत, घरीसुद्धा. आजोबांनी मधे पडू नये.

रामबागकर: ती उरलेली ५७ टक्के मुलं काय तीन रीतींमुळे अडली? बहुतेकांना एकच शिकवली असेल, तीही घोकून.

सुदामानगरची बाई: हे मात्र खरं. तरी कच्च्या मुलाला आधी एक रीत पक्की हवीच, दोन्ही अर्धवट आली की ते वरचा आकडाही कमी करतं आणि खालचाही वाढवतं. अशा वह्या दर वर्षी येतात. पक्क्या मुलाला मी अडवत नाही. काका, पेपरात पद्धत सांगितली होती का?

रामबागकर: नाही. नुसतं 'वजाबाकी करा'.

सुदामानगरची बाई: मग वही घेऊन शाळेत जाच. आणि बोलू नातीला द्या.