देखाव्याच्या पलीकडे : लहान मुलांना चित्रकला शिकवतानाचे अनुभव

धागाकर्ती

पहिली ते चौथीच्या वर्गात "मनातलं काहीही काढा" असं सांगून बघा. निम्म्याहून जास्त वह्यांत एकच चित्र येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, डोंगरातून निघून झोपडीच्या दाराशी येणारी नदी, एक नारळ, आणि बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे शिकवा म्हणून लिहिलेलं नाही, तरी आमच्या आज्यांपासून चालू आहे. लातूरच्या मुलाच्या चित्रातही नारळच असतो!

लहान मुलांबरोबर केलेला चित्रकला किंवा हस्तकलेचा एखादा उपक्रम इथे लिहा. वर्ग भरलेला, तास पस्तीस मिनिटांचा, नळ व्हरांड्याच्या टोकाला, हे सगळं धरून लिहा. "मुलांनी खूप एन्जॉय केलं" एवढ्यावर सोडू नका. साहित्य काय होतं आणि मुलांनी त्याचं काय केलं, ते हवंय.

जिल्हा परिषद शाळा, डहाणू तालुका

मी मूळचा घाटावरचा, नोकरीमुळे इकडे आलो. वर्गातली बहुतेक मुलं वारली जमातीची. शहरातल्या शाळांत वारली चित्र म्हणजे काय, तर मडक्यावर पांढरे त्रिकोण. आमच्याकडे त्या मुलांच्या घरी लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे विधीचं चौकोनी चित्र, लिहितात, तो सवाशिणी लिहितात, आणि मध्ये पालघाट देवी असते. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी हीच कला विधीबाहेर आणून रोजची चित्रं काढली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना ते ठाऊक असतं, कारण कुणाचा तरी मामा किंवा आजोबा त्यांच्या गावचा निघतो.

साहित्य फुकटातलं. खाकी कागदाला गेरूचा हात, वाळला की तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवायचा, बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश करायचा. पीठ भिजवून फार वेळ ठेवू नका, उन्हाळ्यात आंबतं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर चित्र झडतं.

मी फळ्यावर तारपा नाच काढला होता. तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं लांबडं वाद्य. मध्ये तारपेवाला, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण. तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, यांनी तारप्याला पाठ केलीय. असं नाचत नाहीत." मग तिनेच येऊन खडूने दुरुस्त केलं, आणि तारपेवाला फिरतो तसं रिंगण कसं वळतं तेही दाखवलं. तेव्हापासून मी फळ्यावर नमुना काढत नाही. फक्त विचारतो, काल घरी काय चाललं होतं? भाताची लावणी येते, खेकडे धरणं येतं, एकाने मोबाइलचा टॉवर काढला, त्याच्या पायाशी बकऱ्या. टॉवरसुद्धा दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून, वारली चित्रातल्या माणसासारखाच. छापील नमुन्यावर गिरवून घेतलेल्या वारलीत असा टॉवर कधी येणार नाही.

निवृत्त कलाशिक्षिका, पुणे

धागा छान. माझा मुद्दा रंगांचा. बारा किंवा चोवीस खडूंची पेटी मुलाच्या हातात दिली की तो रंग बघत नाही, नुसता निवडतो. मी पहिलीला लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच पोस्टर कलर द्यायचे, तेही बाटलीच्या झाकणांत, थेंब थेंब. हिरवा मागितला की "करून घे." पहिल्यांदा हिरवा झाला की वर्गात जो आरडाओरडा होतो, त्यामुळे शेजारचे सर दारात येऊन उभे राहतात.

माणूस रंगवायची वेळ आली की हमखास, "बाई, स्किन कलर कुणाकडे आहे?" आणि पेटीतला तो फिकट गुलाबी खडू वर्गभर फिरतो. अख्ख्या वर्गात तसा रंग एकाचाही नसतो. मी प्रत्येकाला स्वतःचा हात कागदावर ठेवून शेजारी त्या हाताचा रंग करायला लावायचे. लाल-पिवळ्यात चिमूटभर निळा घातला की तपकिरी होतो, मग पांढरा किती घालायचा ते ज्याचं त्याने बघायचं. हात जवळ नेऊन मुलं ताडून बघतात, भांडतात, "तुझा जास्त पिवळा झाला." एक मुलगा म्हणाला, तळहाताचा वेगळा करावा लागेल. बरोबर होतं त्याचं!

आणि पालकांना एक विनंती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मोठ्या मुलांसाठी आहेत. तिसरीतल्या पोराला स्थिरचित्राच्या क्लासला घालू नका. रेषा दबलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. चुकेल म्हणून आधी पट्टी मागतात.

एक आई, ठाणे

आमच्याकडे हस्तकलेचा प्रकल्प म्हणजे आईचा प्रकल्प. रात्री दहाला लेक सांगते, उद्या इग्लू न्यायचाय. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला मनापासून वाटलं, सुटले. पुढच्याच आठवड्यात कापसाचा इग्लू.

माध्यमिक शिक्षक, सातारा

जरा विरोधी सूर लावतो. मुलांना मोकळं सोडा, हे ऐकायला गोड लागतं. पण आमच्या पिढीतल्या पोरी रांगोळी कशा शिकल्या? आईने घातलेले ठिपके जोडून. हात गिरवूनच बसतो. दुसरीतल्या मुलाला कात्री धरता येत नाही, घोटीव कागद सरळ कापता येत नाही, आणि आपण त्याला अभिव्यक्ती मागतो. आधी हात, मग मन.

डहाणूवाले

सर, गिरवण्याला माझा विरोध नाही. त्या मुलीने तारपा बघून बघूनच शिकलाय. फक्त तो तिने स्वतः पाहिलेला होता, माझ्या फळ्यावरचा नव्हता. कात्रीचं मात्र शंभर टक्के मान्य. आमच्याकडे एका कात्रीला सहा मुलं, त्यामुळे आम्ही कागद फाडून चिकटकाम करतो. फाडलेल्या कडेचं झाड कापलेल्यापेक्षा जास्त झाडासारखं दिसतं, हा फायदाच.

प्राथमिक शिक्षिका, फोंडा

आमच्या गोव्यात आणि खाली कारवारपर्यंत जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर कावी असते. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, गिलावा चढवायचा आणि ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा. चौथीच्या मुलांना देवळात नेऊन दाखवली, तर त्यांना आधी वाटलं रंगवलीय. हात लावून बघितल्यावर कळलं की नक्षी खोल आहे.

वर्गात चुना नको, डोळ्यांत जातो. आम्ही पांढऱ्या कार्डशीटवर मेणबत्ती दाबून घासली, कुठेच जागा न सोडता. आवारातली तांबडी माती फडक्यातून चाळली, डिंक आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून तिचा जाडसर रंग केला. साबणाशिवाय मेणावर रंग धरत नाही, थेंबाथेंबाने पळतो. वाळत आल्यावर रिकाम्या रिफिलने खरवडायचं. पार वाळायच्या आत खरवडलं तर रेघ स्वच्छ येते, कोरडा ठणठणीत झाला की कपच्या निघतात. इथे खोडरबर चालत नाही, आणि मुलं आपोआप हळू होतात. एरवी पाच मिनिटांत "टीचर, झालं" म्हणणारा मुलगा मधली सुट्टी झाली तरी उठला नाही. देवळातली कमळं अपेक्षित होती. बरीच आली, पण फणस जास्त आले, मे महिना जवळ होता ना!

महापालिका शाळा, मुंबई

शाडूबद्दल थोडक्यात. ऑगस्ट आला की सगळ्यांना पहिलीकडून गणपती हवा असतो. सोंड पडते, कान पडतात, मूल रडतं, मग बाईच मूर्ती करतात. लहानांना कासव, उंदीर, बसलेलं मांजर द्या. एकाच गोळ्यातून चिमटीने ओढून अवयव काढायला शिकवा, वेगळे करून डकवलेले वाळताना सुटतात. डकवायचेच असतील तर दोन्ही बाजूंना काडीने चरे मारून पाण्यात कालवलेली पातळ माती लावा. पंख्याखाली वाळवलं तर तडे जाणारच, ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू द्या. फुटलेलं भिजत घाला, पुन्हा माती.

मराठी शाळा, न्यू जर्सी

आमची शाळा रविवारची. दिवाळीला आकाशकंदील करतो. बांबूच्या कामट्या मिळत नाहीत, म्हणून जाड कागदाच्या पट्ट्या आणि भेटवस्तूंना गुंडाळायचा पातळ कागद. मुलांनी लटकता कंदील कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे झिरमिळ्या कशाला लावायच्या, हा प्रश्न दर वर्षी येतो. गेल्या खेपेला एकाने कंदिलाला वटवाघूळ चिकटवलं, हॅलोविन नुकताच झाला होता. आजी हसल्या. कंदील तसाच लागला.

बालवाडी ते दुसरी, नाशिक

एक लहानशी गोष्ट, पण शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी. माझ्याकडे एक मुलगा कधी कधी झाड तपकिरी आणि खोड हिरवं रंगवायचा. सगळे हसायचे. मग दिसलं की ज्या खडूंवरचा कागद शाबूत आहे ते तो बरोबर वापरतो, कागद फाटलेल्यांत घोळ होतो. तो रंग वाचत होता! पालकांना सांगितलं, डॉक्टरांनी लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असल्याचं सांगितलं. आता सगळ्यांच्याच खडूंवर नावं लिहिलेल्या चिकटपट्ट्या आहेत, त्याच्या एकट्याच्या नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सातारकर सर, कात्रीच्या सरावासाठी काय करून घेता तेही लिहा, खरंच हवंय.

एकशिक्षकी वस्तीशाळा, नंदुरबार

रंगच नसतील त्यांच्यासाठी. हळद पाण्यात कालवून कागद पिवळा करा, वाळू द्या. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवा आणि काडीने त्यावर चित्र काढा. रेघ लाल उमटते. वरून लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळी. विज्ञानाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. आमच्या पोरांनी मग दिसेल ते कागदावर लावून पाहिलं : कपड्यांचा साबण, चुलीतली राख, ताक, चिंच. राखेच्या पाण्याने लाल होतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. एवढंच, की हाताला लागलेली हळद दोन दिवस जात नाही, आणि आयांना आधी सांगून ठेवा.