रग्बी-बुंडेसलीगा: २३ जणांच्या यादीत पहिल्या फळीचे इतके खेळाडू का?

प्रश्न: जर्मनीच्या अव्वल रग्बी लीगमधल्या फ्रँकफुर्ट १८८० किंवा हायडेलबर्गर आरके या क्लबांच्या सामन्याची यादी पाहिली की राखीव आठांत तीन तरी धिप्पाड गडी असतातच. धावणारे जास्त का घेत नाहीत?

स्क्रमवेडा: हौस नाही, नियम आहे. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी भिडून एकमेकांना ढकलतात ती रचना; तिच्यात सर्वांत पुढचे तिघे म्हणजे पहिली फळी. २३ खेळाडू असतील तर ६ जण पहिल्या फळीत खेळू शकणारे लागतात: तिघे मैदानात, तिघे राखीव. १९ ते २२ असतील तर ५. म्हणून राखीवांत १६ नंबर बहुधा हूकर (फळीतला मधला), १७ डावा प्रॉप, १८ उजवा प्रॉप (हूकरच्या दोन बाजूंचे गडी).

पंधरावा: डावा-उजवा अदलाबदल सोपी समजू नका. १ नंबरचा, म्हणजे डाव्या प्रॉपचा, एक खांदा मोकळा असतो, ३ नंबरचं, म्हणजे उजव्या प्रॉपचं, डोकं दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये अडकतं, मानेवर दोन्हीकडून भार येतो. सराव नसलेला तिथे घातला तर स्क्रम कोसळतो, मान दुखावते.

स्क्रमवेडा: आणि जाणकार प्रॉप संपले की स्क्रम बिनढकलीचा होतो. मग तगड्या फळीचा सगळा फायदा पाण्यात! यादी वाचताना आधी १६-१७-१८ बघा, विंगर (कडेने धावणारे) नंतर.