मदत हवी आहे: सेकंडहँड डस्टर डिझेल, टायमिंग बेल्टचं एकही बिल नाही. आत्ताच बदलू का, आणि पुण्यात खर्च किती धरू?

धायरीकर

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही सेकंडहँड डस्टर घेतली. २०१४ ची, १.५ लिटर डिझेल, ८५ पीएसवाली. मीटरवर ८८,००० किमी. गाडी हाताला छान आहे. क्लच नवा, टायर नवे, दोन्हींची बिलं फाइलमध्ये आहेत. टायमिंग बेल्टचं मात्र काहीच नाही. ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन केला तर म्हणाले, "बहुतेक बदललाय ताई, माझ्या आधीच्या मालकांनी." त्या आधीच्या मालकांचा नंबर त्यांच्याकडे नाही. सर्व्हिसच्या पुस्तिकेत ४०,००० पर्यंतचे शिक्के आहेत, पुढची पानं कोरी.

बेल्टचं काम काय ते मला माहीत आहे. क्रँकशाफ्टचे (पिस्टन जोडलेला दांडा) दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा (व्हॉल्व उघडणारा दांडा) एक, हा हिशोब तो दातांनी जुळवून ठेवतो, म्हणून व्हॉल्व वेळेवर उघडतात आणि मिटतात. तो तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो. व्हॉल्व वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं, आणि बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट बिल होतं.

घाई यासाठी की गणपतीला चिपळूणला आईकडे जायचं आहे. खंबाटकी, पुढे उंब्रज-पाटण करून कुंभार्ली घाट. गाडी मीच चालवणार, सोबत सासूबाई आणि मुलं. भर पावसात कुंभार्ली उतरताना इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकचा बूस्टर एक-दोनदा दाबण्यापुरताच साथ देईल. हा विचार आला की झोप लागत नाही.

तीन ठिकाणी विचारलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला २६,००० सांगितले. वडगावच्या एका गॅरेजने १७,०००. सिंहगड रोडवरच्या दुसऱ्या एकाने ६,५०० आणि "दोन तासात देतो". एकाच कामाचे तीन भाव इतके वेगळे कसे?

माझे प्रश्न असे: ८८,००० ला बदलायलाच हवा का? झाकण उघडून बघून कळतं का की अजून चालेल? आणि या तीन आकड्यांतला कुठला खरा? गाडी थंड असताना सकाळी स्टार्ट केली की दोन-चार सेकंद चीं असा आवाज येतो, तो याचाच का?

घाटमाथा

ताई, बदला. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको, आत्ताच बदला. तेव्हा सगळी गॅरेजं भरलेली असतात आणि घाईत केलेलं टायमिंगचं काम मला तरी नको वाटतं.

बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरून चालायचं. "बहुतेक बदललाय" यावर इंजिन सोडता येत नाही. तुमची गाडी २०१४ ची आहे. कंपन्या या बेल्टला दोन मर्यादा देतात, एक किलोमीटरची आणि एक वर्षांची, आणि जी आधी येईल ती पाळायची असते. गाडीगणिक आकडे बदलतात, बहुतेक गाड्यांत ६०,००० पासून दीड लाखापर्यंत कुठेतरी. पण रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं. मूळ बेल्ट अजून आत असेल तर मीटर काहीही दाखवू दे, वर्षांच्या हिशोबाने तो कधीच संपलेला आहे.

किलोमीटरवर पुण्यात तसाही भरवसा ठेवू नये. आरसीवर पहिल्या मालकांचा पत्ता वाकडचा असेल आणि गाडी रोज हिंजवडीला जात असेल तर विचार करा. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना आयडलवर मिनिटाला ८०० फेरे (आरपीएम) धरले तरी तासाभरात क्रँक ४८,००० वेळा फिरतो आणि मीटर जागचं हलत नाही. बेल्ट तेवढाच झिजतो.

बघून कळतं का? वरचं प्लास्टिकचं झाकण निघतं, बेल्टचा थोडा भाग दिसतो. भेगा, उसवलेली कड किंवा तेलाचा ओलावा दिसला तर गाडी तिथेच उभी करा. पण काही दिसलं नाही म्हणून बेल्ट चांगला, असं होत नाही. आतले काचेच्या धाग्यांचे दोर बाहेरून दिसत नाहीत. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते, ती खराब व्हायला लागली की खडखडते, सूचना देते. बेल्ट बहुतेक वेळा काही न बोलता जातो.

सकाळचा चीं आवाज बहुधा बाहेरच्या बेल्टचा असणार, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात. अल्टरनेटर, एसी त्याच्यावर चालतात. पण तो आवाज सोडून देऊ नका. तुमच्या इंजिनात हा बाहेरचा बेल्ट टायमिंगच्या पुलीला अगदी खेटून आहे. तो फाटला तर त्याचे धागे क्रँक पुलीमागून आत खेचले जाऊन टायमिंग बेल्टखाली अडकू शकतात, आणि मग चांगला टायमिंग बेल्टही दात सोडतो. म्हणून दोन्ही बेल्ट एकदमच बदलायचे.

कर्वेनगरकर

खर्चाचं मी सांगतो, आमच्याकडेही हेच इंजिन आहे, फक्त ११० पीएसचं.

६,५०० मध्ये फक्त बेल्ट येतो, तोही कुठला ते विचारा. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, जुनाच राहणार. टेन्शनरचं बेअरिंग निकामी झालं तर नवा कोरा बेल्टही सुटतो, त्यामुळे नुसता बेल्ट बदलणं म्हणजे अर्धवट काम. शिवाय या इंजिनात वॉटर पंपही (इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा) टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप उद्या गळायला लागला तर तेच सगळं परत उघडावं लागेल, तेच लेबर परत. पंपाच्या गळतीचं कूलंट बेल्टवर पडलं तर आणखी वाईट.

म्हणून कोटेशन घेताना एकेक वस्तू लिहून घ्या: बेल्ट आणि टेन्शनरचं किट, वॉटर पंप, बाहेरचा बेल्ट त्याच्या टेन्शनरसकट, क्रँक पुलीचा नवा बोल्ट, कूलंट, लेबर. १७,००० वाल्याने यातलं काय धरलंय आणि काय नाही ते कळेल. कंपनीच्या २६,००० मध्ये बहुधा सगळं असेल, पार्टच्या किमती आणि लेबर दोन्ही जास्त, लेबरवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

माल स्वतः आणायचा असेल तर नाना पेठेत मिळेल. गेट्स, कॉन्टिटेक, डेको, एसकेएफ यांची किट येतात. पण चेसिस नंबर दाखवून पार्ट नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका, आणि पक्कं बिल घ्या. बेल्टच्या बाबतीत नकली माल फार महागात पडतो. काही गॅरेजवाले बाहेरून आणलेल्या मालावर कामाची गॅरंटी देत नाहीत. तसं असेल तर त्यांच्याकडूनच घेणं बरं, हजार-बाराशे जास्त गेले तरी जबाबदारी एकाची राहते.

इन्शुरन्सवर विसंबू नका. झीज आणि मेकॅनिकल बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी) असली तरी.

धायरीकर

दोघांचेही मनापासून आभार. आज वडगावच्या गॅरेजला गाडी दाखवून आले. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. बेल्टच्या पाठीवरची छापील अक्षरं पूर्ण पुसलेली आहेत, नावसुद्धा वाचता येत नाही. एका बाजूची कड दाढीच्या खुंटासारखी उसवली आहे. बदलल्याचं स्टिकर बॉनेटखाली कुठेच नाही. १७,००० मध्ये बाहेरचा टेन्शनर आणि क्रँकचा बोल्ट धरलेले नव्हते, ते आता वाढवून लिहून दिलंय.

काम नीट होतंय की नाही हे मला कसं कळणार? मी तिथे उभी राहणार आहे, पण नेमकं बघायचं काय?

घाटमाथा

उभ्या राहणार आहात हे उत्तम.

पहिलं म्हणजे त्यांच्याकडे या इंजिनाच्या लॉकिंग पिन आहेत का ते विचारा. क्रँकला एक आणि कॅमला एक. दोन्ही पिन बसल्या की इंजिन त्या जागी पक्कं धरलं जातं आणि मगच जुना बेल्ट उतरवायचा. पुष्कळ ठिकाणी पिन नसतात, व्हाइटनरने जुन्या बेल्टवर आणि पुलीवर खुणा करून नव्यावर उतरवतात. साध्या पेट्रोल गाड्यांत ते कसंबसं चालून जातं. तुमच्या इंजिनात तोच बेल्ट डिझेलचा हाय प्रेशर पंपही फिरवतो आणि क्रँकची पुली बोल्टच्या घट्टपणावर धरलेली असते, तिथे अंदाजाने काम नको. बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायला हवा.

दुसरं, बेल्ट बसवून टेन्शन दिल्यावर पिन काढून पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिन पुन्हा बसतात का ते बघायचं. मेकॅनिकने हे न करता थेट स्टार्टर मारायला घेतला तर थांबवा, संकोच करू नका. हाताने फिरवताना काही अडलं तर पाना थांबतो, व्हॉल्व वाचतो. स्टार्टर थांबत नाही.

क्रँक आणि कॅमच्या ऑइल सीलकडेही नजर टाकायला सांगा. तिथे पाझर असेल तर सील आत्ताच बदला, तेल लागलेला बेल्ट टिकत नाही.

पुढचे-मागचे सगळे मिळून दिवस जातो. दोन तासात देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

नवाचालक

मध्येच विचारतो, माझी २०१५ ची स्विफ्ट डिझेल आहे. मलाही हे करायचं का?

कर्वेनगरकर

नाही. १.३ च्या त्या इंजिनात टायमिंग चेन आहे, तिला ठरावीक किलोमीटरची मर्यादा नसते. ऑइल वेळेवर बदला, चेन आणि तिचा टेन्शनर ऑइलवरच जगतात. थंड इंजिनाला खडखड ऐकू आली तर दाखवा. बेल्टवाल्यांत सँट्रो झिंग, पोलो आणि व्हेंटोची डिझेल, तुमच्या ओळखीत कोणाकडे असतील तर त्यांना जरूर विचारा की शेवटचा कधी बदलला.

धायरीकर

काम झालं. बिल इथे देते, कोणाला उपयोगी पडेल. किट ७,६००, वॉटर पंप २,८००, बाहेरचा बेल्ट आणि टेन्शनर ३,१००, बोल्ट २५०, कूलंट १,१५०, लेबर ४,५००. एकूण १९,४००.

पिन होत्या. दोन फेरे माझ्यासमोर फिरवले, पिन परत बसल्या. जुना टेन्शनर मी हातात घेऊन बोटाने फिरवला तर आत वाळू असल्यासारखा खरखरत होता. नवा फिरवून पाहिला, काही आवाज नाही. सहा-साडेसहा हजारांत नुसता बेल्ट बदलून घेतला असता तर हाच टेन्शनर घेऊन मी घाटात गेले असते. वॉटर पंपाच्या खाली गुलाबी डागही होते, म्हणजे गळती सुरू झालीच होती. जुने सगळे भाग घरी आणले आहेत. सकाळचा चीं आवाज गेला.

मेकॅनिकने बॉनेटखाली तारीख आणि किलोमीटरचं स्टिकर लावलंय. पुढचा कधी धरू?

घाटमाथा

फार छान वाटलं वाचून. पुढचा पाच वर्षांनी किंवा ६०,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा. पुस्तिकेपेक्षा थोडं आधीच होईल, पण ट्रॅफिक आणि घाट दोन्ही असलेल्या गाडीला मी हेच सांगतो.

निघण्याआधी आठवडाभर रोज सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटच्या टाकीची पातळी बघा. नवा पंप बसवल्यावर आत अडकलेली हवा निघते आणि पातळी थोडी खाली येते, तेवढं भरून घ्या. रोजच उतरत राहिली तर पंपाचं गॅस्केट बघायला परत न्या. आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा बाहेरच्या बेल्टचा ताण तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.