मराठीतलं निवेदन आमदार वाचत नाहीत म्हणे!

अनगोळकर
अनुभवाचं सांगतो, राग मानू नका. आमच्या बेळगावात गल्लीतल्या गटाराचं निवेदन दोन पावसाळे आमदारांना मराठीत देत होतो. पोच मिळायची, काम नाही. यंदा शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून तेच कन्नडमध्ये लिहून घेतलं आणि नवव्या दिवशी जेसीबी गल्लीत! मराठीचा अभिमान देव्हाऱ्यात ठेवा. आमदाराच्या दारात जाताना कन्नड कागद घेऊन जा. भांडत बसाल तर गटार तुंबलेलंच राहील.

बासमतीवाला, येळ्ळूर
तुमचा जेसीबी तुम्हाला लखलाभ. पण गावभर उपदेश करू नका, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल.

पाच महिन्यांमागं आमच्या शिवारातला टीसी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळला. सात जणांच्या मोटारी बंद. मराठीत निवेदन लिहिलं, सातजणांच्या सह्या घेतल्या आणि आमदारांच्या ऑफिसात गेलो. पीएनं कागद हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाला, ‘कन्नडदल्ली बरकोंड बन्नी.’ म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. हा पीए कोण? आमच्या पलीकडच्या गावचा, घरात आईशी मराठीतच बोलणारा!

बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक टायपिंगवाला बसतो. त्यानं शंभर रुपये घेतले आणि दहा मिनिटांत कागद दिला. मला कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. सही ठोकून आलो. महिन्यानं वीज कंपनीचं पत्र आलं, एस्टिमेटचे पैसे भरा म्हणून. कसले पैसे? तर त्या पठ्ठ्यानं ‘जळालेला टीसी बदलून द्या’च्या जागी ‘नवीन टीसी मंजूर करा’ असं लिहिलेलं. फाइल गेली भलत्याच टेबलावर. ऊस बांधावर उभं राहून वाळताना बघितलाय मी. म्हणे कन्नड कागद घेऊन जा.

आणि हे मागणं भीक नाही. घटनेचं कलम 350 वाचा. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे.

शहापूरची काकू
म्हणजे अनगोळकरांचं कन्नड चालतं आणि तुमचं कन्नड फसतं. फरक भाषेचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. शंभर रुपये परत मागा आधी.

वडगावचा निवृत्त कारकून
कलम 350 दाखवणारे अर्ज नोकरीत असताना भरपूर बघितलेत. त्यात गाऱ्हाणं *देण्याचा* हक्क आहे. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं, याबद्दल त्यात अक्षर नाही. शिवाय ते कलम अधिकारी आणि प्राधिकरणांबद्दल बोलतं, आमदार त्यात बसतो का यावर वकील दोन वर्षं खातील. तोवर टीसी जळलेलाच.

मुळात गटारासाठी आमदाराकडं जायचंच कशाला? महापालिकेचे 58 प्रभाग आहेत, तुमचा नगरसेवक जिवंत आहे ना? खेड्यात असाल तर पीडीओ, म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी, आहे. आमदाराचा कागद चालतो कुठं, ते समजून घ्या. तालुक्याची केडीपी, म्हणजे सरकारी विकासकामांच्या आढाव्याची, बैठक असते, अध्यक्ष आमदार. तिथं सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात. बैठकीच्या दोन दिवस आधी निवेदन पोचलं तर आमदार तिथंच विचारतो, ‘याचं काय झालं?’ अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. बैठकीनंतर दिलेला कागद गठ्ठ्यात जातो, मग तो कन्नडमध्ये असो नाहीतर संस्कृतमध्ये.

दुसरी वाट विधानसभेतल्या प्रश्नाची. आमदारानं प्रश्न टाकला की खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. पण त्याला आधी नोटीस लागते. डिसेंबरात इथं बेळगावात अधिवेशन भरतं तेव्हा सुवर्णसौधच्या गेटवर कागद हलवत उभं राहिलात तर त्या अधिवेशनाला उपयोग शून्य.

निपाणीकर
केडीपी, प्रश्न सगळं खरं हो. पण विचारणार कोण? 2013 ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. 2018 ला एका जागेला समितीचेच दोन-दोन उमेदवार उभे, म्हणून शून्य. 2023 ला परत शून्य. जिल्ह्यात 18 मतदारसंघ आणि आपला हक्काचा माणूस एकसुद्धा नाही. ज्यांनी दुही केली त्यांच्या दारात जाऊन विचारा टीसीचं.

बासमतीवाला, येळ्ळूर
झालं, आला समितीवर! 2005 ला महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला तर सरकारनं पालिकाच बरखास्त केली. महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं. 2014 ला आमच्या येळ्ळूरचा फलक उखडला आणि पोलिसांनी घराघरांत शिरून मारलं. तेव्हा तू कुठं होतास गा? घरात बसून दुही-दुही करायला काय जातंय?

निपाणीकर
मी कुठं होतो ते मला विचारू नका. कर्नाटकाच्या स्थापनेदिवशी, 1 नोव्हेंबरला, आपण काळा दिन पाळतो, त्या फेरीत दरवर्षी असतो, तुमच्यापेक्षा जास्त वर्षं. म्हणूनच बोलतोय. मार खाणारे कार्यकर्ते एकीकडं आणि तिकिटासाठी रुसणारे पुढारी एकीकडं. समितीच्या महामेळाव्याला व्यासपीठावर जागा नाही म्हणून निघून गेलेले माझ्या डोळ्यांनी बघितलेत.

अनगोळकर
मी गटाराबद्दल लिहिलं होतं.

बासमतीवाला, येळ्ळूर
तुम्हीच काडी टाकलीत आणि आता हात झटकताय.

शहापूरची काकू
समितीचे आमदार होते तेव्हा आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा यायचं. कुणी समितीचं नाव काढलं की मला ती घागरींची रांग आठवते. तरी मत समितीलाच दिलं, 2018 लासुद्धा. फक्त त्या दोघांतल्या कुणाला, ते सांगत नाही.

निपाणीकर
काकू, एवढ्यावरून नवीन भांडण लागेल.

कणकुंबीकर
सगळ्यांचं वाचलं. आमचं ऐका. खानापूरला भाषेचा प्रश्नच नाही. आमदार मराठी बोलतात, आधीचेही बोलायचे. आमचं निवेदन मराठीत, त्यांचं उत्तर मराठीत. उत्तर काय? ‘बघतो.’

आमच्या नाल्यावर साकव नाही. दोन वर्षांमागं मृग संपता संपता माझ्या आत्तीला ताप चढला. प्लास्टिकची खुर्ची, दोन वासे, चौघांचे खांदे, वर इरलं. पाणी कमरेपर्यंत. मधल्या खडकावर पाय घसरला तशी आत्ती म्हणाली, ‘खुर्ची सोडशील पण माझी पिशवी सोडू नको,’ पिशवीत रेशनकार्ड होतं. रस्त्यापर्यंत दोन तास लागले. वाचली, देवाची कृपा.

साकव का होत नाही? आमदार म्हणतात वनखात्याची परवानगी नाही. वनखातं म्हणतं प्रस्तावच आलेला नाही. दोघंही हे अस्खलित मराठीत सांगतात. आता सांगा, मी कुठल्या भाषेत लिहू?

वडगावचा निवृत्त कारकून
कणकुंबीकर, हे मात्र प्रश्नाचं प्रकरण आहे. ‘प्रस्ताव कधी पाठवला, कुणाकडं, आज कुठल्या टेबलावर आहे’ एवढं तीन ओळींत आमदारांकडून सभागृहात विचारून घ्या. लेखी उत्तरात दोघांपैकी एकाला खोटं पडावंच लागेल. स्थानिक आमदार विचारत नसतील तर विधान परिषदेतला कुणीही सदस्य विचारू शकतो, तिथं 75 जण बसलेत.

कणकुंबीकर
विचारून बघतो. आशा नाही, पण बघतो.

बासमतीवाला, येळ्ळूर
कारकून साहेब, केडीपीचं तुमचं पटलं. आधीच सांगितलं असतं तर शंभर रुपये वाचले असते. पण मराठी कागद मी सोडणार नाही. वर मराठी, खाली कन्नड, सह्या दोन्हीवर. पीएला मराठी वाचवत नसेल तर त्यानं पान उलटावं.

अनगोळकर
एवढंच मी म्हणत होतो.

बासमतीवाला, येळ्ळूर
नाही, तुम्ही मराठी देव्हाऱ्यात ठेवा म्हणालात. वर जाऊन वाचा.

अनगोळकर
बरं, ते शब्द चुकले. देव्हारा मागं घेतो, जेसीबी घेत नाही. आमच्या शेजारच्या पोराचा नंबर देऊ का? कन्नड चांगलं लिहितो, पैसे घेत नाही, चहावर भागतं.

बासमतीवाला, येळ्ळूर
खाजगीत पाठवा. आणि त्याला आधीच बजावून ठेवा, ‘नवीन’ हा शब्द कुठंच लिहायचा नाही.