थारला ए/टी टाकले म्हणजे स्पीतीचा बर्फ सर झाला?

सह्यभटक
"पावसाळ्यात सह्याद्री, जानेवारीत स्पीती, एकच ए/टी टायर दोन्हीला पुरतो. फोर-बाय-फोर असताना चाकांना बांधायच्या बर्फाच्या साखळ्यांचं ओझं कशाला?" अशी चिखलमल्हार यांची पोस्ट आली आणि खाली लोक थेट साइज विचारायला लागले. ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचा टायर. हे वाचून कुणी हिमाचलात, स्पीतीच्या वाटेवरच्या नाकोच्या वळणांवर जाणार असेल तर गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

चिखल आणि बर्फ टायरकडून उलट कामं मागतात. चिखलात खोबणीत भरलेली माती फिरताना बाहेर फेकली गेली पाहिजे. काळ्या मातीत ए/टी भरून जातो आणि चाक गुळगुळीत होतं ते त्यामुळेच. दाबलेल्या बर्फावर मात्र खोबणीत बर्फ धरून ठेवावा लागतो, कारण रबरापेक्षा बर्फावर बर्फच जास्त पकड घेतो. हे काम साइप्सचं, म्हणजे ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांचं. चिखलासाठी घेतलेल्या रांगड्या टायरवर मोठे ठोकळे असतात, साइप्स नावालाच. एम/टीची, म्हणजे खास चिखलाच्या मड-टेरेन टायरची, तर बातच नको. ताज्या खोल बर्फात तो ओढेल, पण गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या रस्त्यावर घसरेल.

दुसरा मुद्दा रबराचा. साधारण ७ अंशांच्या खाली आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून बनवलेलं रबर कडक होत जातं. स्पीतीतल्या काझाला जानेवारीत रात्री उणे २० सहज होतं. नक्षी कितीही छान असली तरी कडक झालेला ठोकळा रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात रुतत नाही.

तिसरा, साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, 'एम+एस' (मड अँड स्नो) या खुणेवर भरवसा ठेवू नका. ते फक्त नक्षीच्या रचनेवर मिळतं, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरं आणि मध्ये हिमकण हे चिन्ह बघा. १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या टायर उद्योगाने आणलेलं हे चिन्ह चाचणीनंतरच मिळतं. पण तिथल्या चाचणीत दाबलेल्या बर्फावर सरळ रेषेत वेग घेताना प्रमाणित टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त ओढ मिळते का, एवढंच बघतात. ब्रेक नाही, वळण नाही, गोठलेलं पाणी तर नाहीच.

आणि किन्नौर-स्पीतीत खरा धोका गोठलेल्या पाण्याचाच. नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं, रात्री गोठतं आणि सकाळी डांबरासारखंच दिसतं. फोर-बाय-फोरने गाडी निघते, थांबत नाही. ब्रेक टू-व्हील ड्राइव्ह गाडीतही चारही चाकांना असतातच. तिथे साखळी किंवा खिळ्यांचा टायर, तिसरं काही नाही.

चिखलमल्हार
माझ्या पोस्टमधलं अर्धंच वाक्य उचललंत. मी 'बर्फ पडत असताना चालवा' असं कुठेही लिहिलेलं नाही. हिवाळी स्पीतीला मनालीकडचा कुंझुम घाट बंद असतो, सगळे शिमला-किन्नौरमार्गेच जातात. त्या रस्त्यावर बराचसा भाग कोरडा असतो, बर्फ पडला की सीमा सडक संघटनेचे लोक साफ करतात. ओळखीतल्या कितीतरी गाड्या ए/टीवर जाऊन आल्या, एकीलाही ओरखडा नाही. पुस्तकी चाचण्या सांगून लोकांना घाबरवू नका.

आणि तुमचा पर्याय काय? पुण्याहून हिवाळी टायर बसवून निघायचं? शिमल्यापर्यंत अठराशे किलोमीटर, त्यातला मोठा भाग २५-३० अंशांत. मऊ रबर तिथेच झिजेल. मुळात थारच्या मापात ते इथे मिळणार कुठे? जून २०२० मध्ये टायरची आयात निर्बंधित यादीत गेल्यापासून चांगल्या परदेशी ए/टीसाठीसुद्धा दुकानदारांची मनधरणी करावी लागते. यावर कुणी बोलत नाही.

टायरमास्तर
मल्हारभाऊ, "जाऊन आल्या" हा पुरावा नाही. त्या दिवशी रस्ता कोरडा होता एवढंच त्यातून कळतं.

हिवाळी टायर पुण्याहून नेणं अव्यवहार्य आहे, हे मात्र तुमचं बरोबर. मग जे मिळतं त्यातलं नीट निवडा. हिमकणाचं चिन्ह असलेला ए/टी घ्या. बीएफ गुडरिचच्या केओ२वर ते असतं. इतर मॉडेलमध्ये एका मापावर असतं, दुसऱ्यावर नसतं, म्हणून माहितीपत्रकावर न जाता दुकानात प्रत्यक्ष साइडवॉल बघा. तिथेच चार आकडी तारीखही वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. गोदामात तीन-चार वर्षं पडलेलं रबर आधीच कडक झालेलं असतं.

नक्षीची खोली मोजा. कायद्याला १.६ मिलिमीटर चालते, बर्फाला नाही. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला रेडियल हिवाळी टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. बऱ्याच टायरचे साइप्स तळापर्यंत जातही नाहीत, अर्धा झिजला की वर उरतात नुसते ठोकळे.

जिम्नीवाली
मारुतीच्या जिम्नीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. गाडी जेमतेम १२०० किलोची. दुकानदार तिला दहा प्लायचे एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे जाड टायर गळ्यात मारतात. साइडवॉल इतकी ताठ की हवा कमी केली तरी टायर पसरत नाही, वर प्रत्येक चाकाचं वजन वाढतं. साध्या बांधणीचा ए/टी पुरे.

मापाचंही तेच. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिलिमीटर, २१५/७५ चा साधारण ७०४. दीड टक्क्याचा फरक चालून जातो. २३५/७५ ला तो ७३३ च्या पुढे जातो, पावणेसहा टक्के. स्पीडोमीटर चुकतो, गिअरिंग जड होतं आणि साखळीला आत जागाच उरत नाही. शिवाय अरुंद टायर पातळ बर्फ कापून खाली टेकतो, रुंद टायर वर तरंगतो. रस्त्यावरच्या बर्फाला मूळ मापच बरं.

चिखलमल्हार
मापाचं पटलं. पण टायर कुठलाही असो, तुम्ही सगळे हवेचा मुद्दा विसरताय. पुण्यात ३० अंशांत हवेचा दाब ३२ पीएसआय भरला आणि काझाला उणे १५ मध्ये पोहोचलात, की साडेपाच अंशांना एक या हिशेबाने आठ पीएसआय गेले. राहिले २४. म्हणून मी सांगतो, नायट्रोजन भरा.

टायरमास्तर
नायट्रोजन! दुकानदार याचे पैसे घेतात आणि लोक आनंदाने देतात, याचा मला खरंच संताप येतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. थंडीत दोन्हींचा दाब सारखाच घटतो, त्याला वेगळा नियम नाही.

सह्यभटक
आणि २४ हा आकडाही चुकीचा आहे. तुम्ही उंची धरलीच नाही. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. पुण्यात बाहेरचा दाब सुमारे १३.८ पीएसआय, म्हणजे टायरमध्ये एकूण ४५.८. तापमान ३०३ केल्व्हिनवरून २५८ वर आलं की उरतात ३९. काझा ३६५० मीटरवर, तिथे बाहेरचा दाब सुमारे ९.४. गेजवर दिसतील साडेएकोणतीस. थंडीने जवळपास सात घेतले, उंचीने साडेचार परत दिले. २४ समजून तिथे न मोजता आठ पीएसआय भरले, तर टायर साडेसदतीसवर जाईल, टेकणारा भाग आक्रसेल, आहे ती पकडही जाईल.

चिखलमल्हार
ठीक, उंची धरायची राहिली. पण नायट्रोजन कोरडा असतो हे तरी नाकारू नका. पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते टायरमध्ये जातं आणि उणे तापमानात व्हॉल्व्ह गोठून उघडाच राहू शकतो.

टायरमास्तर
कोरडेपणाचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी नायट्रोजन विकत घ्यायची गरज नाही. टाकीतलं पाणी सोडणाऱ्या पंपावर हवा भरा आणि व्हॉल्व्हला रबरी रिंग असलेली धातूची टोपी लावा. वर गेल्यावर सकाळी, गाडी हलवायच्या आधी, गेजने मोजा. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी असेल तरच भरा. खोल ताज्या बर्फात १६-१८ पर्यंत उतरवायला हरकत नाही, दाबलेल्या किंवा गोठलेल्या रस्त्यावर नको. उतरवलीत तर कॉम्प्रेसर जवळ हवाच. आणि स्टेपनीत हवा आहे का, तेही बघा. मूळ विषय टायरचा होता, तो हवेत गेला.

मॉन्ट्रियलकर
इथे क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे. हिमकणाचं चिन्ह असलेला ए/टी कायद्याला चालतो. तरी इथले बहुतेक लोक हिवाळ्यात वेगळा संचच लावतात, कारण चौकात ब्रेक दाबल्यावर फरक कळतो. त्यामुळे सह्यभटक यांचं म्हणणं योग्यच. पण त्यांनी एक सांगितलं नाही. उणे २० चा बर्फ तुलनेने कमी निसरडा असतो. शून्याच्या आसपास वर पाण्याचा थर येतो तो सगळ्यात वाईट. काझाच्या पहाटेपेक्षा ऊन लागून वितळायला सुरुवात झालेल्या उतारावर जास्त जपा.

जिम्नीवाली
हे कामाचं. आता साखळीचं कुणीतरी नीट सांगा. एकच जोडी असेल तर पुढे की मागे? मनालीच्या बाजूला बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या पुढे अनेकदा फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळीवाल्या गाड्या सोडतात, तिथे लोक कुठल्याही चाकाला बांधताना दिसतात.

सह्यभटक
चारही चाकांना, हे खरं उत्तर. उतारावर फक्त मागे बांधल्या तर पुढची चाकं वळत नाहीत, सरळ घसरतात. फक्त पुढे बांधल्या तर मागची बाजू फिरून पुढे येते. एकच जोडी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत कुठला अ‍ॅक्सल दिलाय ते बघा आणि उतार दुसऱ्या गिअरच्याही खाली, लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या संथ, ताकदीच्या गिअरमध्ये) उतरा.

शिडीसारख्या आडव्या साखळीपेक्षा चौकटीची जाळी घ्या, ती बाजूच्या घसरणीलाही धरते. माप टायरवरूनच घ्या. मोठा टायर बसवला असेल तर मूळ मापाची साखळी बसणार नाही. घरीच अंगणात एकदा बांधून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि आत ब्रेकच्या नळीला, एबीएसच्या वायरीला लागत नाही ना ते बघा. रस्त्यावर बांधली की शंभर मीटरवर थांबून पुन्हा ताणा. चाळीसच्या वर नको. कोरडं डांबर आलं की काढा, नाहीतर कडी तुटून फेंडर फाडेल.

चिखलमल्हार
साखळ्या सोबत ठेवा ही ओळ माझ्या पोस्टमध्ये घालतो. टायरबद्दल मत बदललेलं नाही. चिन्ह असलेला चांगला ए/टी आणि कोरडा रस्ता असेल तर वर्षभर एकच संच पुरतो.

टायरमास्तर
"चिन्ह असलेला" हा शब्दही पोस्टमध्ये घाला. आणि रस्ता कोरडा आहे की नाही हे निघायच्या सकाळी पुढच्या गावातल्या ढाब्यावर फोन करून विचारा. आदल्या दिवशीचा व्हिडिओ बघून निघू नका.