टायसन–होलीफील्ड तिसऱ्यांदा भिडले तर?

प्रश्न – रिंगसाइड
माइक टायसन आणि इव्हँडर होलीफील्ड, दोघं जुने बॉक्सर. ही तिसरी लढत अर्थातच कल्पनेतली. दोघंही साठीच्या आसपास, २-२ मिनिटांचे ८ राउंड, १४ औंसांचे ग्लोव्हज. १९९६ मध्ये होलीफील्डने अकराव्या राउंडमध्ये संपवलं, १९९७ मध्ये कानाच्या चाव्यापायी टायसन तिसऱ्यातच बाद. म्हणजे दुसरा हिशेब अर्धाच राहिलाय. मला वाटतं टायसनच्या ठोशात अजून दम आहे आणि छोटे राउंड त्याच्याच पथ्यावर पडतील. पटतंय का?

डावा हूक
ठोसा टिकतो, एवढंच पटतं. फोरमनने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी तेव्हाच्या विजेत्या मूररला दहाव्या राउंडमध्ये आडवं केलं, तेही गुणांवर मागे असताना. पण फोरमन धिप्पाड, जागेवर उभा राहून जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाकत वाट बघायचा. टायसन जेमतेम ५ फूट १० इंच. गुडघ्यांत वाकायचं, डोकं हलवत आत घुसायचं, मग हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) किंवा अपरकट (खालून वर मारलेला), हे त्याचं सगळं भांडवल. घुसायचं काम पाय करतात, आणि वयात आधी पायच दगा देतात. २०२४ ची यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉलबरोबरची लढत बघा, याच नियमांची होती: ९७ ठोसे फेकले, लागले १८. समोरचा टप्प्यातच येईना, तर ठोशातल्या दमाचं लोणचं घालायचं?

काउंटर
ग्लोव्हजचा मुद्दा सुटतोय. हेवीवेटला (सर्वात जड वजनगटाला) एरवी १० औंस असतात. १४ औंसांत गादी जाड, मार पसरतो, खांदे लवकर भरून येतात आणि गार्डच्या (तोंडापुढे धरलेल्या हातांच्या) फटीही बुजतात. म्हणजे टायसनकडे जे उरलंय त्यालाच कात्री.
छोट्या राउंडचा फायदा मात्र खरा आहे. एकूण १६ मिनिटं, १२ राउंडच्या लढतीत ३६ असतात. १९९६ मध्ये होलीफील्डने काय केलं? टायसन आत आला की आधी काउंटर (उलट ठोसा), लगेच क्लिंच (मिठी मारून अडकवणं), दंड धरून मागे रेटायचं. मागे जाताना टायसनला मारताच येत नाही. दर राउंडला असे तीन-चार क्लिंच झाले तर २ मिनिटांतलं उरतं काय?
पण होलीफील्डही आता तो नाही. २०२१ मध्ये ५८ व्या वर्षी एमएमएवाल्या (मिश्र मार्शल आर्ट्स) बेल्फोर्टने त्याला पहिल्याच राउंडमध्ये गुंडाळलं. तोल गेलाय, आणि तोल नसेल तर रेटणार कसं?

जुना जॅब
वय झाल्यावरच्या फेरलढतीचा नमुना हवा तर बर्नार्ड हॉपकिन्स–रॉय जोन्स घ्या. १९९३ मध्ये जोन्स गुणांवर जिंकला, २०१० मध्ये हॉपकिन्स. जोन्स हात खाली ठेवून निव्वळ चपळाईवर वाचायचा. ४१ व्या वर्षी ती आटली. ४५ चा हॉपकिन्स पकडापकडी आणि धूर्तपणावर निभावला. बघायला महाकंटाळवाणी लढत, तो भाग निराळा.
लेनर्ड–हर्न्सचंही तेच. १९८१ मध्ये हर्न्स चौदाव्यात थांबवला गेला; १९८९ मध्ये त्याने लेनर्डला दोनदा पाडलं आणि निकाल बरोबरी! हर्न्सची उंची आणि सरळ उजवा ठोसा पायांपेक्षा जास्त टिकले.
म्हणून माझं कल्पनेतलं तिकीट लुईस–व्हिताली क्लिच्को. त्यांची लढत २००३ मध्ये क्लिच्कोच्या डोळ्यावरच्या जखमेमुळे सहा राउंडनंतर थांबवली, तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणांत क्लिच्कोच ५८-५६ पुढे होता. दोघंही उंच, दोघंही जॅबवाले. साठीतही बघण्यासारखं काही उरेल ते तिथेच.

रिंगसाइड
बरं, ग्लोव्हज १० औंसांचे केले तर?

काउंटर
मग पहिल्या दोन राउंडांत टायसन. त्यापुढे गेली तर होलीफील्ड, गुणांवर.