पद्मदुर्ग सावकाश पाहायचाय, पाण्याची वेळ कशी साधावी?

खाडीकाठ: डिसेंबरात मुरूडला मुक्काम आहे. समुद्रातल्या पद्मदुर्गाची तटबंदी आणि पडकोट (मुख्य किल्ल्याबाहेरचा कोट) नीट पाहायचे आहेत. होडी कुठे ठरवायची? पंचांगावरून ओहोटी काढता येते का? सोबत सत्तरीचे वडील आहेत.

दर्यावर्दी: येते की. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे ४.३० ला भरती, सकाळी १०.३० च्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). शुद्ध-वद्य दोन्हीकडे हाच हिशेब, अर्धाएक तास पुढेमागे धरा. पंचमी ते अष्टमी उत्तम, भांगाच्या पाण्याला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्यात ऐन सकाळी पाणी चढतं.

राजपुरीच्या होड्या जंजिऱ्याच्या. पद्मदुर्गासाठी मुरूडच्या कोळ्यांशी आदल्या संध्याकाळी बोला आणि परतीची वेळ तेव्हाच पक्की करा. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, मग होडी फार हलते.

चुनेगच्ची: तटाशी गेलात की आधी दरजा (दगडांमधले चुन्याचे सांधे) बघा. दगड झिजून आत गेलाय आणि चुना तसाच बाहेर उभा, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी भिंत दिसते. हा नुसता लाटांचा मार नव्हे. खारं पाणी दगडाच्या बारीक भोकांत शिरतं, उन्हानं सुकतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. साडेतीनशे वर्षं टिकलेला चुना आहे, कृपया नखानंही खरवडू नका. पडकोटाच्या बुरुजावरच्या पाकळीच्या आकाराच्या चर्याही (तटमाथ्यावरचे दगडी दाते) चुकवू नका.

गडकोट: त्याच बुरुजावरून आग्नेयेला जंजिरा दिसतो, आणि हा किल्ला इथेच का बांधला ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या उरावर बांधकाम चालू होतं. रसद पोहोचवली नाही म्हणून शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना खरमरीत पत्र लिहिलं, ते जाण्याआधी जरूर वाचा. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावणारे लाय पाटीलही इथलेच दर्यावर्दी.

खाडीकाठ: आणि वडिलांना उतरता येईल?

दर्यावर्दी: पुळणीवर गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तेव्हा होडी धरायला दोघं हवेत. खडपावर कालवं असतात, पाय चरकन कापतो. चप्पल नको, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर न्या, किल्ल्यावर मिळत नाही.